ज्याचा हात, त्याची चावी

'हॉथॉर्न' होडी, टिप्टन
२२ जानेवारी १९७८

जेथ्रो,

नाताळचं कार्ड पोचलं. वर मेंढीचं चित्र, खाली तुझी सही, संपलं. शेटलंडच्या बेटांवर शाई गोठते काय रे?

हे पत्र बाबांबद्दल आहे. उभ्या उभ्या वाचू नकोस.

मंगळवारी कालव्यात, कारखान्याजवळच्या पुलाखाली, होडीच्या पंख्यात काहीतरी गुरफटलं. इंजिन दोनदा घुसमटलं आणि बंदच पडलं. बाबांनी मागची फळी उचलली, खालच्या लोखंडी झाकणाचे स्क्रू सोडले, गुडघ्यांवर बसून खांद्यापर्यंत हात त्या काळ्या पाण्यात घातला. जन्मभर हेच केलंय त्यांनी. गादीच्या स्प्रिंगा निघाल्या, त्यात कुणाची तरी विजार. "आतला माणूस कुठाय बघ," मला म्हणाले. मी हसत वळले, तर चावी इंजिनाला तशीच लावलेली.

 झडप घालून चावी काढली. बाबा म्हणतात, "अगं, फिरवणार कोण होतं? तू तर तिकडं उभी."

ज्याचा हात, त्याची चावी. बोलायला शिकायच्या आधी आपण हे शिकलो. चाळीस वर्षांत बाबा एकदाच चुकले, चावी लावलेली ठेवून हात घातला, आणि दोन बोटं गेली. तो माणूस तीच चूक पुन्हा करील? मग त्यांनी तो हात पुसला, उजेडात धरला आणि विचारलं, "थर्झा, ही दोन कुठं गेली गं?" मला वाटलं थट्टा आहे. थट्टा नव्हती.

दुसऱ्या दिवशी झाकणाचे स्क्रू आवळायचेच विसरले. इंजिन चालू झालं, पंख्यानं पाणी वर फेकलं आणि मागच्या खणात माझ्या नडगीपर्यंत पाणी. अजून थोडा वेळ, तर 'हॉथॉर्न' शेपटीकडून खाली बसली असती. शेजारच्या होडीवरच्या नेल काकूनं बादल्या मारल्या म्हणून वाचलो.

आता ऐक. तळाचा पत्रा पातळ झालाय. २० मार्चला स्टूरब्रिजच्या सुक्या गोदीत जागा मिळाली आहे. ती हुकली तर पुढची शरदात, आणि तळ तोवर टिकायचा नाही. वाटेत ब्रायर्ली हिलला कालव्यात टाकलेला सगळा उकिरडा, मग होडी टप्प्याटप्प्यानं खाली उतरवणारे डेल्फचे पाणदरवाजे. मी सायकलनं पुढं जाऊन दरवाजे उघडणार, म्हणजे होडीवर बाबा एकटे. पंख्यात अडकणार आणि ते हात घालणार.

चार दिवस ये. एवढंच.

नेल काकू विचारत होती, तिकडं बायको केलीस का. मी म्हटलं, मेंढी केली.

थर्झा


छावणी, शेटलंड
३० जानेवारी

थर्झाताई,

तुझं पत्र जेवणाच्या रांगेत फोडलं आणि रांग सोडली. हात बरा आहे ना त्यांचा? दुसरा हात, म्हणजे चांगला हात?

चावी त्यांच्याकडं देऊच नकोस. दोरीत ओव आणि तुझ्या गळ्यात घाल, झोपताना सुद्धा. जादा चावी असेल तर ती पाण्यात फेक. बूच बांधलेली नेहमीची नको, ती तरंगते. इंजिन बंद पडलं की गिअर आधी काढायचा, हे विसरू नकोस. बंद पडताना गिअर पडलेलाच असतो, आणि मग कुणी नुसती चावी फिरवली तरी पंखा फिरतो. हे तुला माहीत आहे, तरी लिहितो.

रजा जमेल असं वाटत नाही. इथं तेलाच्या टाक्यांखालचा पाया घालायचं काम अंगावर आलंय. वारा असा की काल एकाची टोपी उडाली आणि मुकादम म्हणाला, नॉर्वेला पत्र टाक, परत मागव. चिखल, मेंढ्या आणि हजारो गडी. माझ्या खोलीत मर्डो म्हणून एक आहे, बेटांवरचाच, तो म्हणतो तुझ्या बुडाला भोवरा लावलाय. तीन वर्षांत चार कामं बदलली मी. खरं आहे त्याचं.

कुणी गडी मिळतो का बघ. हर्बर्ट काकाचा जावई आहे ना?

बाबा त्या दिवसाबद्दल काही बोलतात का? बोटांच्या दिवसाबद्दल. सहज विचारतो.

जेथ्रो


टिप्टन
१२ फेब्रुवारी

जेथ्रो,

सहज विचारतोस. ते दवाखान्यात असताना सहज विचारलं असतंस तर. दहाव्या दिवशी पिशवी उचलून गेलास आणि मी डडलीतली लाँड्री सोडून इथं कोळशाची पोती उचलते आहे. असो. आज भांडायला बसले नाही, हातमोजे घालून लिहिते आहे, अक्षर समजून घे. कालव्यावर अंगठ्याएवढा बर्फ आहे. होडी हलली की काच फुटल्यासारखा आवाज होतो आणि बाबा दचकतात.

चावी गळ्यात घातली. काय झालं सांगू? दिवसभर माझ्या मागं मागं. पोती उचकली, चहाचा डबा ओतला, शेवटी माझ्या गळ्यातली दोरी दिसली. "ज्याचा हात, त्याची चावी. माझी चावी तुझ्या गळ्यात कशी? तू हात घालणार आहेस?" म्हटलं, हो, मीच घालीन. तर म्हणतात, "पोरीच्या हातात तो पंखा देणार नाही मी." डोळ्यांत पाणी. नियम त्यांचा, बरोबर तेच, आणि चोर मी.

हर्बर्ट काकाचा जावई येणार नाही. स्पष्ट म्हणाला, "एनॉक टँडीच्या होडीवर? चावी लावून हात घालणाऱ्याच्या?" सगळा कालवा अजून हसतो रे त्यांना. दारूच्या गुत्त्यात कुणी विसरभोळेपणा केला की म्हणतात, "एनॉक झालास का?" बाबा तेव्हाही हसायचे, आताही हसतात.

त्या दिवसाबद्दल विचारलंस. माझ्याशी काही नाही. पण परवा नेल काकू त्यांना सूप भरवत होती, तेव्हा म्हणाले, "कोट पोराकडं होता." दोनदा म्हणाले. काकूनं विचारलं, कुठला कोट? तर सूपच पीत राहिले. तिला वाटतं थंडी वाजत असेल. मी तुझा जुना कोट काढून त्यांना घातला.

तू रजा मागितलीस तरी का?

थर्झा


शेटलंड
२० फेब्रुवारी

ताई,

आणखी काय म्हणाले? अगदी शब्दन् शब्द लिही. कोटाबद्दल पुढं काही? माझं नाव घेतलं का? नेल काकूला विचार.

माझा तो कोट त्यांना घालू नकोस. का ते विचारू नकोस, दुसरा घाल.

इथं मला मिश्रणाच्या यंत्रावरून काढलं. मोठा पिंप असतो, त्यात सिमेंट फिरतं. मर्डो आत हात घालून दगड काढत होता. काढून बाहेर आला, म्हणाला, चालू कर. मी बटणाकडं गेलो आणि हात उठेना. त्याचे दोन्ही हात मला दिसत होते, मोजले, दहा बोटं, परत मोजली. मागं गाड्या खोळंबल्या. मर्डो ओरडतोय, "अरे दोन्ही इथं आहेत, पापा घ्यायचाय का त्यांचा?" सगळे हसले. मुकादमानं मला फळ्या वाहायला लावलं. बरं आहे. फळी कुणाला कापत नाही.

तू एकटी जाऊ नकोस. गोदी गेली तर गेली.

जेथ्रो


टिप्टन
३ मार्च

जेथ्रो,

गोदी गेली तर गेली? मग आम्ही राहायचं कुठं, तुझ्या फळीवर?

काल मी पाव आणायला गेले. येऊन बघते तर मागची फळी उचललेली, झाकण उघडं, आणि बाबा पोटावर आडवे, हात काखेपर्यंत पाण्यात. इंजिन बंद, चावी माझ्या गळ्यात, पंख्यात काहीच अडकलेलं नाही. किती वेळ तसे होते देव जाणे. ओठ निळे. हात बाहेर काढला तर मासळीसारखा गार. मी ओरडले, "काय करताय?"

अगदी हळू बोलले, कुणी ऐकेल असं. "माझी दोन बोटं इथंच कुठंतरी राहिलीत. बुडाशी असतील. तू दिवा धर."

मी दिवा धरला, जेथ्रो. दुसरं काय करू? खाली बघितलं. काळं पाणी, पंख्याची कड आणि एक प्लॅस्टिकची पिशवी श्वास घेतल्यासारखी फुगतेय, बसतेय. मलाही क्षणभर वाटलं, असतील. तेव्हापासून मला त्या झाकणाकडं पाठ करून बसवत नाही.

काकूला विचारलं. कोट पोराकडं होता, बस एवढंच. आणि तू कोटाचं काय लावलंयस? आठवणीतून घसरत चाललेल्या माणसाच्या बोलण्याला एवढं काय धरायचं?

मी १८ तारखेला निघणार. कुणी असो नसो. तू येणार नसशील तर आता पत्र पाठवू नकोस. वाचायला वेळ नाही.

थर्झा


शेटलंड
९ मार्च

ताई,

येतो. १५ ला लेर्विकहून जहाज आहे, समुद्रानं सोडलं तर १७ ला डडली पोर्ट स्टेशनवर उतरीन. तोवर होडी बांधलेलीच असू दे.

बाबांना आधी सांगू नकोस. ओळखतात का बघू.

जेथ्रो


स्टूरब्रिज, सुकी गोदी
२७ मार्च

जेथ्रो,

ईस्टर झाला. 'हॉथॉर्न' लाकडी ठोकळ्यांवर उभी आहे, पाण्याबाहेर. जन्मात पहिल्यांदा तिचं पोट पाहिलं. पत्रा एका जागी इतका पातळ होता की कारागिराच्या हातोड्याचं टोक आरपार गेलं. "अजून एक महिना," तो म्हणाला आणि बोटानं खाली बुडाल्याची खूण केली. म्हणजे तू आलास ते बरंच झालं. हे लिहून ठेवते, पुन्हा म्हणणार नाही.

पण मला सांग, झालं काय? मी डेल्फचे दरवाजे उघडायला पुढं गेले. आठच आहेत आणि सगळे नऊ म्हणतात, त्या दिवशी मला नऊच वाटले. वरचा दरवाजा उघडून वाट बघतेय, तुम्ही येईनात. सायकल उलटी मारली. कारखान्याच्या भिंतीपाशी होडी काठाला टेकलेली, पंख्यातून काढलेलं लांबच लांब निळं कापड काठावर पसरलेलं, आणि तुम्ही दोघं शेजारी बसलेले. तू खांद्यापर्यंत भिजलेला, बाबांनी तुझा हात स्वतःच्या कोटात धरलेला. दोघंही एक शब्द बोलायला तयार नाहीत. गोदीत होडी लागली, तू चहा सुद्धा न घेता स्टेशनकडं गेलास. पुन्हा पिशवी उचलून.

आणि चावी घेऊन गेलास, गाढवा! मी सगळीकडं शोधली. मग आठवलं, त्या भिंतीपाशी ती तुझ्या विजारीच्या खिशातून डोकावत होती, बूच बाहेर. इंजिन चालवायला माझ्या गळ्यातली चावी मी तुला दिली होती, मग ती तुझ्या खिशात का होती? हात तर बाबांनी घालायचा म्हणून आपण सगळे घाबरलो होतो ना?

बाबा रोज विचारतात, "तो नवा गडी परत येणार का? हात चांगला आहे त्याचा. पण चावीच्या बाबतीत अगदीच अडाणी." तुझं नाव सांगते, तर मान हलवतात. जेथ्रो लहान आहे, म्हणतात.

खरं काय ते लिही. आणि चावी पोस्टानं पाठव. होडी १५ एप्रिलला पाण्यात उतरेल.

थर्झा


शेटलंड
४ एप्रिल

थर्झाताई,

तीन कागद फाडले. शाळेत दोन हिवाळेच गेलो, कुठून सुरुवात करायची ते तिथं शिकवलं नाही. म्हणून शेवटाकडूनच सांगतो. चावी बाबांनी लावून ठेवली नव्हती. मी लावली.

तीन वर्षांपूर्वी त्या पुलाखाली तार अडकली, इंजिन गिअरमध्येच बंद पडलं. सकाळपासून आमचं वाजत होतं. मला उत्तरेला जायचं होतं, ते म्हणत होते, जा, पण आधी हिवाळ्याचा कोळसा पोचवू. त्यांनी चावी काढली, कोटाच्या खिशात टाकली, नेहमीसारखी. मग बाही वर जाईना म्हणून कोट उतरवला आणि माझ्याकडं दिला. "धर." मी धरला. ते खाली वाकले. मी त्यांच्याकडं पाठ करून उभा, मनात शिव्या घालत होतो. हातात चावी कधी आली ते मला माहीत नाही. आता लवकर सुटू दे, एवढंच डोक्यात. फिरवली.

मी स्वतःला तीन वर्षं सांगतोय की हात आत आहे हे विसरलो होतो. पण ताई, हात आत आहे हे कोण विसरतं? मी जाणून फिरवली का, हे मला खरंच माहीत नाही. तेच सगळ्यात वाईट आहे. माहीत असतं तर एक काहीतरी झालो असतो.

बाबा ओरडले नाहीत. रुमाल गुंडाळला, आणि लोक धावत आले तेव्हा पहिलं वाक्य, "मीच चावी ठेवली लावून, म्हातारा गाढव." माझ्याकडं बघितलंही नाही. सगळा कालवा त्यांना हसला आणि मी हसू दिलं. मग ते विसरायला लागले असं तू लिहिलंस, आणि मला भीती वाटली की ते बाकी सगळं विसरतील आणि नेमकं हेच बोलतील. तुझ्या पत्रात कोट आला, म्हणून मी शब्दन् शब्द विचारला.

आता डेल्फचं. तू गेलीस आणि वीस मिनिटांत पंखा गच्च. इंजिन बंद. बाबा फळीकडं निघाले, बाही वर करत. मी म्हटलं, आज मी घालतो. चावी काढली आणि त्यांच्या हातात दिली. त्यांना म्हटलं, तिथं उभे राहा, इंजिनापाशी. गिअर काढला नाही. मुद्दाम. तू शिव्या देशील, दे.

झाकण उघडलं आणि हात घातला. पाणी इतकं गार की आधी भाजल्यासारखं वाटलं. कापड होतं, पंख्याच्या दांड्याभोवती दहा-बारा वेढे, मध्ये तार. बघायला काही मिळत नाही, नुसतं चाचपायचं. पंख्याचं पातं मनगटाला लागलेलं होतं. आणि वरून आवाज येत होते. बाबांचे बूट. मग चावीचा पितळेवर घासल्याचा आवाज. टक. ती भोकात बसली. मी मान वर केली नाही. हात काढला नाही. माझे दात वाजत होते, लहान पोरासारखा मुतायच्या बेतात होतो. वाटलं, फिरवा बाबा. आणि वाटलं, नको, नको, नको. दोन्ही एकदम.

मग परत बुटांचा आवाज. माझ्या शेजारी येऊन, गुडघे धरत, कण्हत बसले. त्या तीन बोटांच्या हातानं चावी माझ्या विजारीच्या खिशात खुपसली, वरून थोपटलं.

"काय रे पोरा, कुणाच्या होडीवर शिकलास?"

"एनॉक टँडीच्या."

"मग तो एनॉक टँडी ठार अडाणी असला पाहिजे. ज्याचा हात, त्याची चावी. एवढंही शिकवलं नाही त्यानं?"

म्हटलं, "त्यानं शिकवलं होतं. मीच ऐकलं नाही."

 मग तो हात माझ्या तोंडासमोर धरला, आता बोटं नाहीत ती जागा, आणि मास्तरासारखं म्हणाले, "ऐकावं. हे बघ."

मी तिथंच सांगितलं. बाबा, तुमच्या कोटातनं चावी मी काढली होती. ते म्हणाले, "कुठला कोट? हात काढ आधी बाहेर, निळा पडलाय." आणि माझा हात स्वतःच्या कोटात घातला. त्याच वेळी तुझी सायकल आली.

मी पळालो नव्हतो, ताई. म्हणजे पळालोच, पण सवयीनं. गोदीत इंजिन बंद करून चावी पुन्हा खिशातच टाकली होती, जहाजावर हात घातला तर बूच. तेव्हा कळलं, ती माझ्याकडं आहे तोवर ते इंजिन कुणीच चालू करू शकत नाही, आणि पहिल्यांदा मी चार तास झोपलो.

इथं नोटीस दिली आहे. मर्डो म्हणतो, भोवरा थांबला वाटतं. १४ ला पोचेन. पंख्यात यापुढं हात माझा.

पण आता तुला सगळं माहीत झालंय. मला होडीवर घ्यायचं नसेल तर तसं लिही, राग येणार नाही. चावी पोस्टानं पाठवीन.

जेथ्रो


स्टूरब्रिज
१० एप्रिल

जेथ्रो,

दोन दिवस मी बाबांशीही बोलले नाही, तुझ्याशी तर काय बोलणार. तिसऱ्या दिवशी नेल काकूच्या ओळखीतल्या एकानं गोदीवर येऊन कारागिरावर तोच जुना विनोद केला, "एनॉक झालास का?" मी बादली त्याच्या अंगावर ओतली. बाबांनी विचारलं, "काय केलं गं त्यानं?" म्हटलं, काही नाही, विसरला होता.

तुझा जुना कोट त्यांच्या अंगातून काढला. त्यांचा स्वतःचा खुंटीला लावलाय, खिसे शिवून टाकले.

चावी पोस्टानं पाठवू नकोस. पोस्टात वस्तू हरवतात.

थर्झा